हायड्रेंजियाचा रंग: माती, सामू आणि तुरटी

पर्णिका
नमस्कार मंडळी. महाबळेश्वरहून निळ्याशार फुलांचं हायड्रेंजियाचं रोप पुण्याला आणलं होतं. यंदा त्याला पुन्हा गेंद धरले आणि उमलले ते चक्क गुलाबी! रोप तेच, फक्त कुंडी मोठी केली आणि माती नवी घातली. जवळच्या नर्सरीत विचारलं तर म्हणाले, "मातीचा गुण आहे, आम्ल कमी पडलं."

हे पटलं, पण अर्धवटच. शाळेत आपण शिकलो की लिटमस आम्लात लाल होतो आणि आम्लारीत निळा. मग या फुलाचं उलटं कसं? आम्लाने निळं व्हायचं असेल तर झाडाला लिंबाचं पाणी घालायचं का? आणि पुण्याच्या माती-पाण्यात हे फूल निळं ठेवता येतं का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला नुसता उपाय नकोय, कारणही समजून घ्यायचंय.

कढीपत्ता
आमच्याकडेही हेच झालंय, जांभळट गुलाबी. वाचतेय.

घाटवाट
मातीबिती काही नाही हो, सगळा हवेचा फरक आहे. महाबळेश्वरची थंडी, धुकं, पाऊस पुण्यात कुठून आणणार? स्ट्रॉबेरीसुद्धा तिथल्यासारखी इथे होत नाही. उटीला, मुन्नारला, दार्जिलिंगला बघा, सगळीकडे निळी. सगळी थंड हवेची ठिकाणं!

रसायनशाळा
घाटवाट, थंडीचा मुद्दा खरा आहे, पण तो रंगाचा नाही, फुलण्याचा आहे. या झाडाला कळी धरायला साधारण १८ अंशांखालचं तापमान काही आठवडे लागतं. म्हणून आपल्याकडे पुष्कळांचं झाड हिरवंगार राहतं पण पहिल्या वर्षानंतर फुलत नाही. पर्णिका, तुमच्याकडे पुन्हा फुललं हीच मोठी गोष्ट आहे. निळं की गुलाबी, हे मात्र माती ठरवते. इंग्लंडात चुनखडीच्या जमिनीवर कडाक्याच्या थंडीतही ही फुलं गुलाबीच येतात.

आता लिटमसचं. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिटमसमध्ये आम्ल थेट रंगद्रव्याला भेटतं. इथे तसं होत नाही. मातीतलं आम्ल फुलापर्यंत चढत नाही. फुलापर्यंत चढतं ते अ‍ॅल्युमिनियम. गुलाबी असो की निळा, दोन्ही गेंदांत मूळ रंगद्रव्य एकच असतं: डेल्फिनिडिन नावाच्या अँथोसायनिडिनचं ग्लुकोजशी जोडलेलं रूप. त्याला अ‍ॅल्युमिनियमचा आयन मिळाला आणि सोबतीला फुलातच असणारी क्लोरोजेनिक आम्लाच्या कुळातली रंगहीन संयुगं असली, की तिघांचं मिळून एक संकुल तयार होतं आणि ते निळं दिसतं. अ‍ॅल्युमिनियम नसेल तर तेच रंगद्रव्य गुलाबी-लाल राहतं.

जपानच्या नागोया विद्यापीठात कुमी योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार सुंदर काम केलंय. त्यांनी रंगीत पेशींच्या रिक्तिकेतला (पेशीतल्या रसाच्या पिशवीतला) सामू मोजला. सामू म्हणजे पीएच, आम्ल-आम्लारीचं माप: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर आम्लारीधर्मी. निळ्या पेशींत तो सुमारे ४.१ आणि लाल पेशींत सुमारे ३.३ निघाला. म्हणजे पेशीचा रस दोन्हीकडे आम्लधर्मीच. लिटमसचा नियम लावायचाच तर तो या रसाला लावायचा, आणि तिथे तो बरोबर लागू पडतो: जास्त आम्ल तिथे लाल, कमी आम्ल तिथे निळा. मातीचं आम्ल ही वेगळी गोष्ट, ते मुळांपाशी काम करतं.

आता माती. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे. प्रत्येक चिकणमातीत ते असतं, पुण्याच्या काळ्या मातीतही. पण ते कुलपात आहे आणि किल्ली आम्लाकडे. सामू ५.५ च्या खाली गेला की ते विरघळून आयनाच्या रूपात मुळांना मिळतं. ६.५ च्या वर ते हायड्रॉक्साइड होऊन घट्ट बसतं, झाडाला मिळत नाही. मधल्या पट्ट्यात जांभळी, किंवा एकाच झाडावर दोन्ही छटा. सामू एका अंकाने उतरला की विद्राव्य अ‍ॅल्युमिनियम हिशोबाने हजारपट वाढतं, म्हणून थोड्या फरकानेही रंग इतका ठळक बदलतो.

पर्णिका
अरे वा, म्हणजे आम्ल हा फक्त मध्यस्थ! हे आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. पण मग अ‍ॅल्युमिनियम झाडाला बाधत नाही का?

रसायनशाळा
चांगला प्रश्न. बहुतेक पिकांना बाधतं. आम्लधर्मी जमिनीत पिकं खुरटतात त्याचं एक मोठं कारण हेच, विद्राव्य अ‍ॅल्युमिनियममुळे मुळांची टोकं वाढत नाहीत. हायड्रेंजिया पानांत ते सायट्रेटशी बांधून निरुपद्रवी करून ठेवतो. चहाचं झुडूपही अ‍ॅल्युमिनियम मुबलक साठवतं. मुन्नार-दार्जिलिंगला चहाचे मळे आणि निळे हायड्रेंजिया शेजारीशेजारी दिसतात ते यामुळेच, दोघांनाही तीच आम्लधर्मी माती मानवते.

घाटवाट
मान्य. चहाचा मुद्दा आवडला. थंडीला कळीचं श्रेय देऊन मी माघार घेतो :)

जांभा
महाबळेश्वरच्या बाजूने बोलायला मी आलोच पाहिजे. तिथलं पठार जांभ्याचं आहे. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढं पाणी हजारो-लाखो वर्षं मुरत राहिलं की दगडातला चुना, मॅग्नेशियम, सोडियम सगळं धुऊन जातं आणि मागे उरतं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. लोहामुळे जांभा तांबडा दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण फार वाढलं की त्यालाच बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीकडच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत त्या ह्याच जांभ्याच्या थरात. म्हणजे ज्या खनिजापासून भांड्यांचं अ‍ॅल्युमिनियम काढतात, त्याच्याच घरात तुमचं रोप वाढलेलं होतं. तिथून उचलून पुण्याच्या मातीत आणलं, मग काय होणार!

काळी_माती
जांभा यांनी घाटमाथ्याची बाजू मांडली, मी देशावरची मांडतो. कृषी पदवीधर आहे, शेती नाशिककडे.

आपली काळी माती बेसॉल्टची. सामू साधारण ७.५ ते ८.५. शिवाय बऱ्याच ठिकाणी मोकळा चुना, म्हणजे आपण चुनखडी म्हणतो ती. हे घरच्या घरी तपासता येतं. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुनखडी आहे असं समजा. पर्णिकाताई, तुमच्या नव्या कुंडीतल्या मातीवर आजच करून बघा.

चुनखडी असेल तर माती आम्लधर्मी करणं किती अवघड, त्याचा हिशोब सांगतो. समजा कुंडीत १० किलो माती आहे आणि त्यात फक्त १ टक्का चुनखडी. म्हणजे १०० ग्रॅम. ती संपवायला ३२ ग्रॅम गंधक लागेल. आणि हे फक्त चुना मारण्यापुरतं, सामू उतरवण्याचं काम त्यानंतर सुरू होणार. चुनखडी ५ टक्के असली तर १६० ग्रॅम. शिवाय गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला ऊब, ओलावा आणि काही महिने लागतात. आज गंधक टाकलं आणि पुढच्या आठवड्यात निळी कळी, असं होत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: देशावर जमिनीत लावलेला हायड्रेंजिया निळा करायच्या मागे लागू नका. निळाच हवा तर कुंडी, आणि कुंडीत काळ्या मातीचं ढेकूळसुद्धा नको.

पर्णिका
व्हिनेगर टाकून पाहिलं. फसफसलं! बारीक बुडबुडे, आवाजही आला. नर्सरीतून आणलेली "लाल माती" म्हणून घातली होती, त्यात काय काय मिसळलेलं असेल देव जाणे.

सुगरण_सातारची
लिंबाच्या पाण्याचं कुणी सांगितलंच नाही. आणि कॉफीचा चोथा? सगळ्या व्हिडिओंत तोच सांगतात.

काळी_माती
लिंबू, व्हिनेगर, ताक ही सगळी सेंद्रिय आम्लं. मातीतले जिवाणू ती खाऊन टाकतात, चार दिवसांत परिणाम ओसरतो. चुनखडीच्या मातीत तर तेवढाही टिकत नाही. कॉफीच्या वापरलेल्या चोथ्यात आम्ल फारसं उरलेलंच नसतं, ते कपात उतरलेलं असतं. चोथा खत म्हणून थोडा घाला, रंगासाठी त्याच्यावर विसंबू नका.

थेम्सकाठ
लंडनहून. इथे निम्म्या घरांपुढे हायड्रेंजिया असतो आणि आमच्या भागात जवळजवळ सगळे गुलाबी. माती चुनखडीची आहेच, पण मोठा गुन्हेगार नळाचं पाणी. किटलीत पांढरा थर बसतो इतकं जड. निळं रोप विकत आणावं, आम्लधर्मी मातीमिश्रणात लावावं आणि नळाचं पाणी घालत राहावं, की हळूहळू गुलाबीकडे सरकतं. म्हणून इथले बागप्रेमी छपराचं पाणी पिंपात साठवतात आणि हायड्रेंजिया, अझेलिया, कॅमेलिया यांना तेच घालतात. तेच तुम्ही पश्चिमेकडे कॉर्नवॉलला गेलात तर भरपूर पाऊस, आम्लधर्मी जमीन आणि निळ्या फुलांची कुंपणं.

आणखी एक गोष्ट जी इथे नेहमी दिसते: घराच्या भिंतीलगतचं झाड गुलाबी आणि त्याच रांगेतलं दूरचं झाड जांभळं-निळं. भिंतीच्या गिलाव्यातला, सिमेंटमधला चुना पावसाने मातीत उतरतो.

सोसायटीचा_सचिव
पाण्याचा मुद्दा पुण्यालाही लागू आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी त्या मानाने मवाळ असतं, पण बऱ्याच सोसायट्यांत बागेला बोअरचं किंवा टँकरचं पाणी जातं. बादलीला, नळाच्या तोटीला पांढरे क्षार धरत असतील तर समजून जा. आणि कृपा करून आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलेलं पाणी या झाडाला घालू नका. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

कढीपत्ता
एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालेल का? उन्हाळ्यात बादली भरते रोज.

रसायनशाळा
चालेल. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, चुना-क्षार जवळजवळ नसतातच. पावसाचं पाणी संपल्यावर उन्हाळ्यात तोच उत्तम पर्याय आहे.

आजोळ_वाई
आमच्या वाड्यातल्या माळीबुवांनी झाडाच्या बुडाशी गंजके खिळे पुरायची पद्धत ठेवली होती, फुलं निळी व्हावीत म्हणून. आणि फुलं निळीच असायची! तुम्ही विज्ञानाच्या नावाखाली अनुभव उडवून लावू नका.

रसायनशाळा
अनुभव मुळीच उडवत नाही. फुलं निळी होती हे खरंच असणार. पण ती खिळ्यांनी झाली का, हे बघायला शेजारी बिनखिळ्यांचं झाड हवं. लोहाने हा निळा रंग येत नाही, अ‍ॅल्युमिनियमनेच येतो. वाईच्या त्या वाड्यात माती कुठून आणलेली होती?

आजोळ_वाई
आईला विचारलं. आजोबांनी बागेसाठी माती पाचगणीच्या घाटातून बैलगाडीने आणवली होती म्हणे. ह्म्म.

जांभा
:) माती आमचीच!

सुगरण_सातारची
रच्याकने, तुरटीचं काय? तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच ना? आमच्या बाजूच्या काकू तुरटीचं पाणी घालतात आणि त्यांच्याकडे चांगली निळी फुलं येतात.

नारळीपाक
झाडाची दाढी केल्यावर लावत असतील :)

रसायनशाळा
नारळीपाक, :)

काकूंचं बरोबर आहे. बाजारातली तुरटी म्हणजे पोटॅश अ‍ॅलम, पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं दुहेरी सल्फेट. वजनाने तिच्यात सुमारे ५.७ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. परदेशात "निळं करणारी पावडर" म्हणून जे विकतात ते अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, त्यात साधारण ८ ते ९ टक्के. दोन्ही पाण्यात विरघळल्यावर आम्लधर्मी असतात. म्हणजे किल्लीही देतात आणि कुलपातला मालही.

अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचं नेहमीचं प्रमाण लिटरला ३-४ ग्रॅम. तुरटी असेल तर लिटरला ५ ग्रॅमपर्यंत. कुंडी आधी साध्या पाण्याने ओली करून घ्यायची, मग हे पाणी, दोन आठवड्यांतून एकदा. कोरड्या मातीत दिलं किंवा प्रमाण वाढवलं तर मुळं करपतात, पानांच्या कडा तपकिरी होतात. पानांवर उडवू नका.

वेळही महत्त्वाची. कळ्या धरल्यापासून उमलेपर्यंतच्या काळात द्यायचं. पूर्ण उमललेला गुलाबी गेंद तुरटीने निळा होणार नाही, त्याचं ठरून गेलेलं असतं.

काळी_माती
तुरटीबद्दल माझा आक्षेप नोंदवतो. चुनखडीच्या मातीत तुरटी घातली तर तिचं अ‍ॅल्युमिनियम लगेच हायड्रॉक्साइड होऊन बसतं, झाडाला थोडंच मिळतं. मग लोक प्रमाण वाढवत जातात, सल्फेट आणि क्षार साठत जातात, झाड आजारी पडतं. आमच्या तालुक्यातल्या एका फार्महाउसवर माळ्याने असंच केलेलं पाहिलंय, शेवटी सगळी रांग उपटावी लागली. आधी माती बदला, मग तुरटी. उलट क्रमाने नको.

रसायनशाळा
शंभर टक्के सहमत. मीही तेच म्हणतोय, क्रम तुम्ही नीट मांडलात.

उगवता_सूर्य
तोक्योजवळ राहते. धागा वाचून राहवेना. हे झाड मुळात इथलंच. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की सगळीकडे हीच फुलं, आणि बहुतांशी निळी, कारण जपानची माती ज्वालामुखीच्या राखेची, पाऊसही भरपूर, त्यामुळे आम्लधर्मी. कामाकुराचं मेइगेत्सु-इन हे देऊळ तर हायड्रेंजियाचं देऊळ म्हणूनच ओळखलं जातं. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना फिकट निळी फुलं, वर भुरभुर पाऊस, आणि छत्र्या मिटून शांतपणे चढणारी माणसं. हाकोनेला डोंगरात चढणारी छोटी रेल्वे या फुलांच्या भिंतींमधून जाते, फांद्या खिडकीला घासतात.

आणखी एक. ८ एप्रिलला इथे बुद्धजन्माचा उत्सव असतो. बालबुद्धाच्या छोट्या मूर्तीवर गोड चहा ओततात. तो चहा हायड्रेंजियाच्याच एका डोंगरी जातीच्या पानांचा. पाळण्यातल्या रामावर आपण गुलाल उधळतो त्या सुमारासच हे चालतं, म्हणून मला फार जवळचं वाटतं.

एक सांगते, बागेतल्या साध्या हायड्रेंजियाची पानं मात्र कुणी खाऊ नयेत, विषारी असतात. घरात लहान मुलं, मांजर-कुत्री असतील तर कुंडी जरा उंचावर ठेवा.

पर्णिका
किती सुंदर लिहिलंय! कामाकुरा आता यादीत.

शिक्षिका_गोरेगाव
अवांतर, पण विचारतेच. मग आपली बाकीची फुलं? गुलबक्षी एकाच झाडावर पिवळी-गुलाबी येते, मधुमालती पांढरी उमलून लाल होते, गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं. यातही अ‍ॅल्युमिनियम आहे का? मुलांना वर्गात सांगायचंय.

रसायनशाळा
नाही, प्रत्येकाची गोष्ट निराळी. गुलबक्षीचे रंग आनुवंशिक आहेत, कार्ल कोरेन्स यांनी तिच्यावरच अपूर्ण प्रभावितेचे (दोन रंगांच्या संकरातून मधला रंग येण्याचे) प्रयोग केले होते. मधुमालतीचा रंग फुलाच्या वयाप्रमाणे बदलतो. टणटणीचंही तसंच, ताजी फुलं पिवळी आणि जुनी गुलाबी-केशरी. गोकर्णाचं पाणी मात्र खरा दर्शक आहे, लिटमससारखा, तिथे आम्ल थेट रंगद्रव्याला भेटतं. जास्वंदीचा अर्कही तसाच वागतो. पण गोकर्णाच्या वेलाला आम्लधर्मी माती दिली म्हणून फुलाचा रंग बदलत नाही. मातीतलं अ‍ॅल्युमिनियम उचलून फुलात आणणं ही हायड्रेंजियाची खासियत.

आणि आपण ज्यांना पाकळ्या म्हणतोय ती खरं तर निदलं आहेत. खरी फुलं मधोमध, बारीक, पटकन लक्षात न येणारी. मुलांना भिंगातून दाखवा, फार आनंद होतो त्यांना.

शिक्षिका_गोरेगाव
हे नक्की करणार. धन्यवाद सर.

हिरवाई
सगळं वाचलं, माहिती उत्तमच आहे. पण मला वेगळंच म्हणायचंय. गुलाबी आला तर काय बिघडलं? ते झाड तुम्हाला सांगतंय की तुमच्या अंगणातली माती कशी आहे. त्याला निळं करण्यासाठी दर पंधरवड्याला अ‍ॅल्युमिनियम पाजायचं, हे मला पटत नाही. निळं पाहायचं असेल तर महाबळेश्वरला जाऊन पाहावं. जिथलं ते तिथे.

पर्णिका
हिरवाई, तुमचं म्हणणं मला टोचलं, आणि ते बरं झालं. पण हे रोपच मुळी तिथलं आहे. मी त्याला परक्या मातीत आणलं, तर त्याला त्याची माती देण्याचा प्रयत्न करणं ही माझी जबाबदारी वाटते.

जांभा
दोघींनाही अनुमोदन. फक्त एक विनंती, त्यासाठी कुणी घाटातली माती पोत्यांनी भरून आणू नका. पठारांवर मातीचा थर जेमतेम असतो आणि पावसाळ्यातली सगळी रानफुलं त्या थोड्याशा मातीवरच जगतात. कोकोपीट आहे, पीट मॉस आहे, पानांचं कुजलेलं खत आहे. त्यात भागतं.

सिअ‍ॅटलवासी
आमच्याकडे न मागता निळा येतो आणि लोक गुलाबी करायला धडपडतात :) त्यासाठी डोलोमाइट चुना टाकतात. पण सामू ७ च्या वर नेऊ नये, लोह मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुण्यात गुलाबी ठेवणाऱ्यांनीही ही खूण ओळखून ठेवा, तुमच्याकडे ती आपोआप उद्भवू शकते.

कढीपत्ता
अगदी अशीच पानं झालीत माझ्याकडे! पिवळी, शिरा हिरव्या. मी रोगच समजत होते.

काळी_माती
रोग नाही, लोहाची कमतरता, चुन्यामुळे. तात्पुरतं चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारा, कायमचा उपाय माती बदलणे हाच.

आणि खताचं कुणी बोललं नाही अजून. स्फुरद (फॉस्फरस) अ‍ॅल्युमिनियमला पकडून ठेवतं. बोनमील, सुपर फॉस्फेट, डीएपी घातलं की निळ्याची आशा सोडा. फुलं यावीत म्हणून लोक हमखास बोनमील घालतात, आणि इथे नेमकं तेच आड येतं. निळ्यासाठी स्फुरद कमी आणि पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत निवडा. चुलीची राखही नको, ती आम्लारीधर्मी. शेणखत चांगलं मुरलेलं आणि थोडंच.

नारळीपाक
माझं पांढरं आहे. तुरटी घालू का?

रसायनशाळा
नको. पांढऱ्या जातींत ते रंगद्रव्यच तयार होत नाही, अ‍ॅल्युमिनियमला भेटायला कुणी नाही. ते पांढरंच राहील, वय झालं की फार तर हिरवट किंवा थोडं गुलाबी दिसेल. काही गडद लाल जातीही पूर्ण निळ्या होत नाहीत, जांभळ्यापाशी थांबतात. पर्णिका यांचं रोप आधी निळं होतं, त्यामुळे ती शंका नाही.

पर्णिका
सगळं एकत्र करून ठरवलंय ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. हे फूल संपलं की रोप काढून मुळांभोवतीची चुनखडीची माती हलक्या हाताने झटकायची. नवं मिश्रण: कोकोपीट, थोडं पीट मॉस, कुजलेला पालापाचोळा, निचऱ्यासाठी भाताची तुसं. सिमेंटची कुंडी नाही, प्लॅस्टिकची. पाणी पावसाचं किंवा एसीचं. बोनमील बंद. आणि थंडीत कळ्या दिसल्या की तुरटी, लिटरला ५ ग्रॅमच्या आत.

काळी_माती
उत्तम. दोनच भर घालतो. मिश्रणाचा सामू अंदाजावर सोडू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते, खर्च फार नसतो. घरी पट्टीने बघायचं असेल तर एक भाग माती आणि अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. नळाचं पाणी घेतलं तर पाण्याचाच सामू मोजाल. ५ ते ५.५ आला की थांबा, त्याखाली नेऊ नका.

दुसरं, तुरटीचं पाणी फक्त त्याच कुंडीला. ताटलीत साठलेलं पाणी शेजारच्या टोमॅटो-मिरचीच्या कुंडीत ओतू नका. त्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनियम बांधून ठेवायची सोय नाही.

सुगरण_सातारची
छाटणी कधी करायची? दरवर्षी जानेवारीत करतात ना गुलाबासारखी?

थेम्सकाठ
नाही, गुलाबासारखी नको. हे झाड जुन्या काडीवर फुलतं. थंडीत छाटलं तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. फुलं ओसरली की लगेच, सुकलेल्या गेंदाखालच्या पहिल्या जोमदार डोळ्यांच्या जोडीवर काप घ्या. तेवढंच पुरे.

कढीपत्ता
पर्णिका, माती बदलताना काही दगावू नये म्हणून आधी कलम करून ठेवलं तर? मला एक हवंय :)

काळी_माती
जरूर करा, सोपं आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला फूल न आलेली कोवळी फांदी घ्या, वितीएवढी, दोन-तीन पेरांची. खालची पानं काढा, वरची अर्धी कापा म्हणजे बाष्पीभवन कमी होतं. ओल्या कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा, वरून प्लॅस्टिकची पिशवी. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. रंगासाठी तुरटी मात्र मुळं नीट बसेपर्यंत अजिबात द्यायची नाही, पहिलं वर्षभर साधं पावसाचं पाणीच.